कृत्रिम उपग्रहांचे नेत्रवेध : हौशी निरीक्षकांचा वाटा

सोव्हिएत रशियाने ४ ऑक्टोबर १९५७ रोजी पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरता केला. उपग्रहांचा माग काढण्यासाठी अमेरिकेने दोन मोठ्या यंत्रणा योजिल्या होत्या. त्यांपैकी एकही त्या दिवशी कामास येण्याजोगी नव्हती. नौदलाच्या संशोधनशाळेची ‘मिनिट्रॅक’ ही रेडिओ-यंत्रणा १०८ मेगासायकल कंप्रतेसाठी बांधलेली होती, कारण आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षाच्या योजनेत उपग्रहांसाठी तीच कंप्रता ठरली होती. स्पुटनिकचे संदेश मात्र २० व ४० मेगासायकलांवर येत होते, आणि ते टिपण्यासाठी यंत्रणेत घाईघाईने फेरफार करावे लागले. दुसरी यंत्रणा बेकर-नन कॅमेऱ्यांची. हे कॅमेरे जगात बारा ठिकाणी बसवावयाचे होते. त्यांपैकी पहिला अद्याप कॅलिफोर्नियात चाचणीच्या अवस्थेत होता आणि बहुतेकांची उभारणी १९५८ मध्ये व्हावयाची होती. जी तिसरी यंत्रणा जागच्या जागी सिद्ध होती, तिच्यात पगारी मनुष्य क्वचितच आढळला असता. शिक्षक, विद्यार्थी, कारखान्यांतील कामगार, गृहिणी, निवृत्त गृहस्थ अशा हौशी मंडळींची ती पथके होती आणि त्यांचे मुख्य उपकरण म्हणजे मनुष्याचा डोळा.

अवकाशयुगाच्या इतिहासांत या पथकांचा उल्लेख बहुधा लोकजागृतीचा एक प्रकार म्हणून येतो. सामान्य नागरिकांस विज्ञानात भाग घेतल्याचे समाधान मिळाले, वृत्तपत्रांना छायाचित्रे मिळाली आणि पुढे रडार आल्यावर हा उद्योग आपोआप मावळला, असा त्या वर्णनाचा एकंदर रोख असतो. हा निर्णय अपुरा आहे. पृथ्वीचा आकार आणि वातावरणाच्या वरच्या थरांची घनता यांसंबंधी १९५८ नंतर जे ज्ञान झाले, त्यात या वेधांचा प्रत्यक्ष वाटा आहे. इतक्या स्थूल साधनाने इतके सूक्ष्म ज्ञान कसे हाती आले, हा प्रश्न विचारात घेतल्याखेरीज या प्रकरणाचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही.

योजनेचे प्रवर्तक फ्रेड व्हिपल (१९०६–२००४) हे मूळचे धूमकेतू व उल्का यांचे अभ्यासक. १९५५ साली ते स्मिथ्सोनियन खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक झाले आणि वेधशाळेचे ठाणे वॉशिंग्टनहून मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे, हार्वर्डच्या सान्निध्यात आले. त्याच वर्षी २९ जुलै रोजी अमेरिकेने भूभौतिकीय वर्षात, म्हणजे १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ या अवधीत, उपग्रह सोडण्याचा मनोदय जाहीर केला. उपग्रहाचा माग केवळ रेडिओने काढावा असा एक प्रबळ पक्ष होता. व्हिपल यांचे म्हणणे असे की, प्रेषक बिघडला किंवा त्याची विद्युत्घटमाला संपली म्हणजे उपग्रह मुका होतो. सूर्यप्रकाश परावर्तित करण्याचे मात्र तो कधीच थांबवीत नाही. म्हणून प्रकाशाने वेध घेण्याची सोय हवी. हे काम बेकर-नन कॅमेरा अत्यंत सूक्ष्मपणे करणार होता. पण कॅमेऱ्याची एक अडचण होती : उपग्रह कोठे आणि केव्हा येणार हे त्यास आधी सांगावे लागे. अग्निबाण अपेक्षेप्रमाणे चालला नाही, तर ठरविलेली कक्षा आणि प्रत्यक्ष कक्षा यांत मोठे अंतर पडावयाचे आणि कॅमेरा रिकाम्या आकाशाकडे पाहत राहावयाचा. अशा वेळी काहीही पूर्वज्ञान नसताना सगळे आकाश अडवून बसणारे कोणी तरी हवे होते. १९५६ साली जाहीर झालेली ‘ऑपरेशन मूनवॉच’ ही योजना या गरजेतून निघाली.

हौशी लोकांच्या शिस्तीविषयी शंका घेणारे तज्ज्ञ तेव्हा होते. परंतु हार्वर्डच्या परिसरात तरी या शंकेस फारसा आधार नव्हता. अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना १९११ पासून तेथे नांदत होती, आणि ताऱ्यांच्या तेजांतील चढउतारांची तिच्या हौशी सभासदांनी जमविलेली नोंद व्यावसायिक ज्योतिषी नित्य वापरीत असत. त्या संघटनेच्या नोंदी अनेक वर्षे सांभाळणारे लिऑन कॅम्बेल यांचे त्याच नावाचे चिरंजीव मूनवॉच-पथकांचे पर्यवेक्षक झाले, ही केवळ योगायोगाची गोष्ट नव्हे. जुनी परंपरा नव्या कामास जोडली गेली होती.

पथकाची रचना साधी, पण विचारपूर्वक ठरविलेली असे. दहाबारा निरीक्षक दक्षिणोत्तर रांगेत बसत. प्रत्येकापुढे सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची, वस्तू पाच-साडेपाच पट मोठी दाखविणारी लहान दुर्बीण असे. वर्धनशक्ती मुद्दाम कमी ठेविलेली होती, कारण तीमुळे आकाशाचा जवळजवळ बारा अंशांचा तुकडा एका दृष्टिक्षेपात मावत असे. पुष्कळ दुर्बिणी लष्कराच्या जुन्या सामानातून घेतलेल्या होत्या. काहींस आरसा जोडून निरीक्षकाने मान खाली ठेवून आकाश पाहावे अशी सोय केलेली असे. ज्याला तासन्‌तास खस्वस्तिकाकडे पाहावे लागले आहे, त्यास या सोयीचे मोल सांगावयास नको. रांगेच्या मध्यावर एक उंच खांब व त्यावर आडवा दांडा उभारून याम्योत्तर वृत्त दाखविलेले असे. शेजारच्या दोन निरीक्षकांची दृष्टिक्षेत्रे एकमेकांवर थोडी चढवून ठेवीत. त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आकाशात एक अखंड कुंपण तयार होई, आणि ते ओलांडल्यावाचून उपग्रहास पूर्वेकडे जाता येत नसे. उपग्रह याम्योत्तर वृत्तावर आला की, ज्याच्या क्षेत्रात तो दिसला तो निरीक्षक ताबडतोब इशारा देई. हा इशारा आणि रेडिओवरून येणारे कालसंकेत ध्वनिमुद्रकावर एकत्र मुद्रित होत. फीत पुन्हा ऐकून क्षण ठरवावयाचा, ताऱ्यांवरून उन्नतांश ठरवावयाचे आणि तार करून केंब्रिजला कळवावयाचे, असा क्रम होता. उपग्रह नव्हता तेव्हा विमानामागे दिवा ओढून या कवायतीचा सराव करण्यात आला.

निरीक्षणाचा काळही निसर्गानेच ठरवून दिलेला होता. उपग्रह दिसावयाचा तर निरीक्षक अंधारात आणि उपग्रह उन्हात असला पाहिजे. म्हणजे सूर्यास्तानंतरचा किंवा सूर्योदयापूर्वीचा काही वेळ, एवढाच काळ हाती उरतो. मध्यरात्री जवळचा उपग्रह सामान्यतः पृथ्वीच्या छायेत असतो. म्हणून या मंडळींना पहाटे उठावे लागे, आणि बहुतेक पहाटे काहीही दिसत नसे. उत्साहाच्या वर्णनांत या रिकाम्या पहाटांचा हिशेब क्वचितच सापडतो.

ऑक्टोबर १९५७ मध्ये ही योजना निराळ्याच परिस्थितीत कसोटीस लागली. अमेरिकन उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे पस्तीस अंशांच्या आत कललेली राहील या हिशेबाने सर्व तयारी झाली होती. स्पुटनिकच्या कक्षेचा कल होता ६५ अंश. मध्यम अक्षांशांवर तो याम्योत्तर वृत्तास आडवा न छेदता तिरपा छेदून जाई. तरीही पहिल्या आठवड्यातच ऑस्ट्रेलियातील पथकांचे वेध केंब्रिजला पोहोचले, आणि पाठोपाठ अमेरिकेत न्यू हेवन येथील पथकाने वेध घेतला. येथे एक सार्वत्रिक गैरसमज नोंदविणे अवश्य आहे. त्या शरद ऋतूत लोकांनी अंगणांत उभे राहून जो तेजस्वी, सरकता ठिपका पाहिला, तो प्रायः उपग्रह नव्हताच. ५८ सेंटिमीटर व्यासाचा तो गोल नुसत्या डोळ्यांस दिसण्याच्या सीमेवर होता. लोकांनी पाहिले ते त्याच्याबरोबर कक्षेत गेलेले अग्निबाणाचे मोठे धूड. तत्कालीन पद्धतीने अग्निबाणास ‘१९५७ आल्फा १’ आणि गोलास ‘१९५७ आल्फा २’ असे क्रमांक मिळाले. अग्रक्रम तेजस्वितेस होता. गोलावरील प्रेषक सुमारे तीन आठवड्यांनी बंद पडला. तो ४ जानेवारी १९५८ रोजी नष्ट झाला. मधल्या दोन महिन्यांहून अधिक काळात तो मुकाच होता. व्हिपल यांचा युक्तिवाद इतक्या लवकर खरा ठरेल अशी बहुधा त्यांचीही अपेक्षा नसावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पाचशे किलोमीटर उंचीवरून डोक्यावरून जाणारा उपग्रह सेकंदास जवळजवळ एक अंश सरकतो. इशारा देण्यात सेकंदाच्या दशांशाची चूक झाली तरी त्याच्या स्थानात सुमारे पाच कलांची चूक येते. बेकर-नन कॅमेऱ्याची अचूकता विकलांत मोजली जाई. हौशी निरीक्षकाचा वेध तिच्या तुलनेने शेकडो पट स्थूल. असे असता या वेधांतून उपयुक्त निष्कर्ष कसे निघाले? याचे उत्तर काळाच्या दीर्घतेत आहे, आणि ते भारतीय ज्योतिषाच्या अभ्यासकास अपरिचित नाही. सिद्धांतकारांनी ग्रहांचे भगण ठरविले, ते स्थूल वेधांवरूनच. पण वेधांमधील अंतर शेकडो वर्षांचे असल्यामुळे एकेका वेधातील चूक त्या अवधीत विभागली जाऊन नगण्य होई. कालांतराने गणित आकाशाशी जुळेनासे झाले म्हणजे बीजसंस्कार द्यावयाचा आणि पुन्हा दृक्प्रत्यय साधावयाचा, हीही रीत जुनीच. उपग्रह दीड-पावणेदोन तासांत एक भगण पुरा करतो. ग्रहांच्या बाबतीत ज्याला शतके लागतात, ते येथे महिन्यांत साधते.

दुसऱ्या स्पुटनिकचे उदाहरण या दृष्टीने उत्तम आहे. तो ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोडला गेला. अग्निबाणापासून वेगळा न झाल्यामुळे तो चांगला तेजस्वी होता आणि डोळ्यांनी त्याचे वेध घेणे सोपे होते. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर असल्याने उपग्रहाची कक्षापातळी स्थिर राहत नाही. तिचा पात पश्चिमेकडे सरकतो. दुसऱ्या स्पुटनिकच्या बाबतीत ही गती दिवसास अडीच अंशांहून अधिक होती. तो १६२ दिवस टिकला, म्हणजे तेवढ्यात पाताची एक संपूर्ण प्रदक्षिणा होऊन वर काही अंश उरले. पाताचे स्थान अंशाच्या दशांशाने चुकले असे मानले, तरी चारशे अंशांवर ती चूक चार हजारांत एक एवढीच पडते. इंग्लंडमधील फार्नबरो येथील शाही विमानसंस्थेत डेस्मंड किंग-हीली आणि रॉबर्ट मर्सन यांनी हे गणित केले. रेडिओ, रडार व थिओडोलाइट यांच्या वेधांबरोबर त्यांनी डोळ्यांनी घेतलेले वेधही उपयोगात आणले. तोपर्यंत पृथ्वीचे चपटेपण १/२९७.१ मानले जात होते. नवे मूल्य १/२९८ च्या किंचित खाली उतरले. विषुववृत्तीय व्यास ध्रुवीय व्यासाहून जितका मोठा समजत होते, त्यापेक्षा सुमारे १७० मीटरांनी कमी मोठा निघाला. भूमापनाच्या दीर्घ परंपरेने जे मूल्य ठरविले होते, ते दुरुस्त करण्यास एक निकामी अग्निबाण आणि पाच-सहा महिन्यांचा काळ पुरेसा झाला.

पृथ्वीच्या आकारापेक्षाही वातावरणासंबंधीचे ज्ञान अधिक अनपेक्षित होते. उपग्रहाचा आवर्तकाल दिवसेंदिवस घटतो तो विरळ हवेच्या घर्षणामुळे. घट किती होते हे कळले की हवेची घनता कळते. दोनशे किलोमीटरांहून अधिक उंचीवरील हवा पूर्वीच्या अनुमानांपेक्षा कित्येक पटींनी दाट असल्याचे पहिल्या दोन उपग्रहांवरूनच दिसून आले. स्मिथ्सोनियन वेधशाळेत लुइगी याक्किया यांनी जमा झालेल्या वेधांवरून पुढची पायरी गाठली : ही घनता स्थिर नसून सूर्याच्या क्रियाशीलतेबरोबर, त्याच्या सुमारे सत्तावीस दिवसांच्या परिभ्रमणास धरून, कमीअधिक होते. याच कारणाने उपग्रहाचे भाकीत नेहमी ढळत राहते. म्हणजे ज्या अनिश्चिततेमुळे हौशी निरीक्षकाची गरज भासली, तीच पुढे संशोधनाचा विषय झाली; भाकीत चुकले हा वेधाचा दोष न मानता त्यालाच मोजमाप मानण्यात आले.

ही अनिश्चितता उपग्रहाच्या अखेरीस सर्वांत अधिक असते. शेवटच्या काही फेऱ्यांत तो कोणत्या मिनिटास कोठे असेल हे सांगता येत नाही, आणि कॅमेऱ्यापेक्षा ठिकठिकाणी पसरलेल्या माणसांचाच तेव्हा उपयोग होतो. दुसऱ्या स्पुटनिकचा १४ एप्रिल १९५८ रोजी झालेला अंत कॅरिबियन प्रदेशातून पाहिलेल्या लोकांच्या वृत्तांतांवरून जुळविता आला. याहून चमत्कारिक प्रसंग १९६२ चा आहे. १५ मे १९६० रोजी सोडलेल्या चौथ्या स्पुटनिकची परतीची योजना फसली. खाली आणणारा अग्निबाण चुकीच्या दिशेस पेटून यान उलट वर गेले. त्याचा मोठा भाग ५ सप्टेंबर १९६२ रोजी पडणार असा अंदाज होता. विस्कॉन्सिन राज्यातील मिल्वॉकीच्या मूनवॉच-पथकाने पहाटे दुर्बिणी लावल्या आणि अनेक तुकडे होऊन जळत जाणारे यान त्यांना दिसले. त्याच पहाटे उत्तरेकडील मॅनिटोवॉक गावी गस्तीच्या पोलिसांना रस्त्यात रुतलेला धातूचा तुकडा आढळला. प्रथम त्यांनी त्यास सामान्य भंगार समजून बाजूस सारले. बातमी ऐकल्यावर ते त्याच्या शोधास परतले. सुमारे नऊ किलोग्रॅम वजनाचा तो तुकडा स्मिथ्सोनियनकडे गेला आणि पुढे सोव्हिएत रशियास परत करण्यात आला. पथकाचा वेध नसता, तर रस्त्यावरील लोखंडाचा आकाशाशी असलेला संबंध सिद्ध करणे बरेच कठीण गेले असते.

या काळात कॅमेऱ्यांचे जाळेही पुरे झाले होते, आणि त्यातील एक कॅमेरा भारतात होता. उत्तर प्रदेश राज्य वेधशाळेची स्थापना १९५४ साली वाराणसीस झाली आणि पुढच्याच वर्षी ती नैनितालला आली. वेणू बाप्पू हे तेथे प्रमुख असताना, १९५८ मध्ये, स्मिथ्सोनियनच्या सहकार्याने बेकर-नन कॅमेरा बसविण्यात आला. ५० सेंटिमीटर छिद्राचा हा कॅमेरा उपग्रहाच्या गतीने फिरविता येई आणि चित्रपट्टीवर ताऱ्यांच्या संदर्भात उपग्रहाचे स्थान उमटे. मनोरा शिखरावर हे काम १९७६ पर्यंत चालले. शिराझ आणि मिताका यांमधील विस्तीर्ण पट्ट्यात या जाळ्याचे एवढेच एक ठाणे होते, हे लक्षात घेता त्याचे महत्त्व उघड आहे.

कॅमेरे चालू झाल्यावर मूनवॉचचा मूळ हेतू वस्तुतः संपला होता. पुष्कळ पथके त्यानंतर विसर्जित झाली. कुतूहलापोटी आलेले लोक कुतूहल शमल्यावर गेले, यात नवल नाही. जे उरले ते अधिक मोठ्या दुर्बिणी घेऊन मंद व हरवलेल्या वस्तूंच्या शोधास लागले, आणि त्यांचे काम निश्चितपणे वरच्या दर्जाचे झाले. योजना ३० जून १९७५ रोजी बंद करण्यात आली. ब्रिटनमध्ये हीच परंपरा निराळ्या वळणाने चालू राहिली. तेथे पथक नव्हते; एकटा निरीक्षक घराच्या बागेत द्विनेत्री दुर्बीण व स्टॉपवॉच घेऊन उभा राहावयाचा, आणि दोन परिचित ताऱ्यांना जोडणारी रेषा उपग्रह कोठे व केव्हा ओलांडतो हे टिपावयाचा. सरावलेल्या निरीक्षकाची चूक एक-दोन कलांवर येई. किंग-हीली स्वतः असे वेध घेत. स्वयंसेवकांच्या वेधांचा आधार घेऊन त्यांनी वर्षानुवर्षे कक्षांचे विश्लेषण केले, आणि दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवरील हवा पृथ्वीपेक्षा सुमारे वीस ते तीस टक्के अधिक वेगाने फिरते असा निष्कर्ष काढला. कक्षेचा कल अंशाच्या किंचित भागाने बदलतो, त्यावरून हे अनुमान निघते; येथेही दीर्घ अवधीनेच काम साधले.

१९८० नंतरच्या कालखंडात या निरीक्षणास एक नवा अर्थ आला, आणि तो विज्ञानाइतकाच राज्यव्यवहाराचा आहे. अमेरिकेने १९८३ पासून आपल्या गुप्त लष्करी उपग्रहांच्या कक्षांची माहिती प्रसिद्ध करणे थांबविले. उपग्रहांची नोंद संयुक्त राष्ट्रांकडे करावी असा आंतरराष्ट्रीय करार १९७६ पासून अमलात होता. पण ती नोंद स्थूल असते आणि कक्षा पुढे बदलली तर तिच्यावरून काहीच कळत नाही. ही उणीव मोजक्या हौशी निरीक्षकांनी भरून काढली. १९९० च्या फेब्रुवारीअखेर अवकाशयानातून सोडलेला एक गुप्त उपग्रह मार्चमध्ये फुटल्याचे वृत्त होते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत युरोपातील निरीक्षकांना एक अनोळखी वस्तू दिसली, आणि तिची कक्षा मागे मोजीत नेली असता ती त्याच उपग्रहाशी जाऊन भिडली. २२ एप्रिल २०१० रोजी सोडलेले अमेरिकन वायुदलाचे एक्स-३७बी हे यानही महिन्याभरातच हौशी निरीक्षकांनी शोधून काढले. राष्ट्राच्या संरक्षणविषयक गुपितांत अशी ढवळाढवळ करावी काय, असा आक्षेप यावर घेण्यात आला आहे. तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. तथापि जे डोक्यावरून उघडपणे जाते आणि साध्या दुर्बिणीने कोणासही दिसते, ते ज्या राष्ट्रापासून लपवावयाचे त्याच्याजवळ याहून प्रबळ साधने असणारच. गुप्ततेचा परिणाम मग प्रतिपक्षापेक्षा सामान्य नागरिकावरच अधिक होतो.

व्हॅनगार्ड-१ हा १६ सेंटिमीटर व्यासाचा अमेरिकन उपग्रह १७ मार्च १९५८ रोजी सोडण्यात आला. पृथ्वीचा आकार किंचित नासपतीसारखा आहे हे १९५९ मध्ये ज्याच्या कक्षेवरून उमगले, तो हाच. त्याचा प्रेषक १९६४ साली बंद पडला. दीड किलोग्रॅमहून कमी वजनाचा हा गोल आजही कक्षेत आहे. तो दहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून मंद दिसतो, आणि योग्य वेळी योग्य जागी मोठी दुर्बीण रोखून बसणारे निरीक्षक अद्याप त्याचे वेध घेतात.